काटा पन्नासवर ठेवण्याची गोष्ट

एकलहऱ्याची धुराडी नाशिकरोड परिसरातल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. अशा औष्णिक वीज केंद्राला शाळेची सहल गेली, की कोळशाने भरलेल्या वाघिणी, वाफेचा आवाज, पाणी थंड करणारे मनोरे हे सारे मुले डोळे विस्फारून पाहतात. नियंत्रण कक्षात आल्यावर मात्र त्यांचा थोडा हिरमोड होतो. तिथे ना आग, ना वाफ. भिंतभर तबकड्या आणि पडदे, आणि त्यांच्याकडे बघत शांतपणे बसलेली चार-पाच माणसे. ही माणसे नेमके काय बघत असतात?

ती अनेक गोष्टी बघतात, पण त्यांतला एक आकडा असा आहे, की तो फक्त एकलहऱ्याचा नसतो. तो कोयनेला, चंद्रपूरला आणि आता तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जवळजवळ सारखाच असतो. हा आकडा म्हणजे विजेची वारंवारता. ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ असावी लागते. हा काटा पन्नासवर कसा ठेवतात, त्यासाठी माणसाने कोणती साधने शोधली आणि ती साधने अवकाशयानाच्या नियंत्रणाशी कशी जोडलेली आहेत, याचा इतिहास आपण या लेखात पाहणार आहोत. वीजघर आणि अवकाशतळ या वरवर पाहता फार लांबच्या गोष्टी. पण दोन्हीकडचा मूळ प्रश्न एकच आहे : दूरवर घडणारी गोष्ट डोळ्यांनी दिसत नाही, निर्णयाला वेळ थोडा आहे आणि हातात आहेत फक्त यंत्रांनी पाठवलेले आकडे. त्यांवर विश्वास किती ठेवायचा?

उशिरा आलेले बरोबर उत्तर

पाणी टाकीत साठवता येते, धान्य कोठारात. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर साठवणे अवघड आणि खर्चाचे असते. त्यामुळे ज्या क्षणी कोणी पंप सुरू करतो, त्याच क्षणी कुठल्या तरी जनित्राला तेवढी जास्त वीज द्यावी लागते. ही वीज पहिल्यांदा येते कुठून? ती येते फिरणाऱ्या यंत्राच्या गतिज ऊर्जेतून.

एकलहऱ्याचे २१० मेगावॉटचे टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. एका जाळ्यात जोडलेली सर्व जनित्रे, जणू एकाच अदृश्य दांड्यावर बसवलेली असावीत, तशी एका तालात फिरतात. मागणी वाढली आणि वाफ किंवा पाणी तेवढेच राहिले, तर सगळ्यांचाच वेग थोडा कमी होतो. म्हणून वारंवारता हा साऱ्या जाळ्याच्या जमाखर्चाचा ताळा आहे. ती पन्नासच्या खाली गेली तर खर्च जास्त, वर गेली तर जमा जास्त.

वेळ किती मिळतो, याचा एक स्थूल हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. समजा, फिरणाऱ्या यंत्रांत पूर्ण भाराच्या चार सेकंदांइतकी ऊर्जा साठलेली आहे. अचानक एक मोठे केंद्र बंद पडले आणि १० टक्के वीज कमी पडली. म्हणजे दर सेकंदाला साठ्यातून ०.१ भागिले ४, अर्थात २.५ टक्के ऊर्जा खर्च होणार. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग त्याच्या निम्म्याने, सुमारे १.२५ टक्क्यांनी घटेल. पन्नासचे १.२५ टक्के म्हणजे सुमारे ०.६ हर्ट्झ. तीन सेकंदांत काटा अठ्ठेचाळीसच्या आसपास येईल. तो आणखी खाली गेला तर टर्बाइनच्या लांब पात्यांत घातक कंपने निर्माण होतात, आणि स्वतःला वाचवण्यासाठी एकेक जनित्र जाळ्यातून बाहेर पडू लागते. मग तूट आणखी वाढते. तीन सेकंदांत तर माणसाला टेलिफोनसुद्धा उचलता येत नाही.

ज्या यंत्रणेत उत्तर बरोबर असून भागत नाही, ते ठरलेल्या वेळेच्या आतही यावे लागते, तिला अभियंते ‘रिअल टाइम’ यंत्रणा म्हणतात. परीक्षेची वेळ संपल्यावर सुचलेले उत्तर कितीही अचूक असले तरी त्याला गुण मिळत नाहीत, तसेच हे. इथे मात्र गुणांऐवजी शहरे अंधारात जातात.

टेलिफोनचे दिवस

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर जलविद्युत आली ती १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोली केंद्रातून. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली. सह्याद्रीच्या माथ्यावर साठवलेले पावसाचे पाणी खाली सोडायचे आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ही योजना होती. केंद्रे थोडी होती. कोणते यंत्र कधी चालवायचे, हे टेलिफोनवर ठरवता येत असे.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कोयना हा राज्याच्या विजेचा मुख्य आधार बनला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला भूकंपाचा धक्का बसला. गाव उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. धरणाला तडे गेले, पण ते टिकले. वीज केंद्र मात्र बंद पडले आणि शेकडो किलोमीटरवरच्या मुंबईचा वीजपुरवठा विस्कळित झाला. एका दरीतल्या घटनेचा परिणाम दुसऱ्या टोकाच्या गिरण्यांवर होतो, ही गोष्ट महाराष्ट्राने त्या पहाटे अनुभवली.

एकलहऱ्याचे पहिले दोन संच प्रत्येकी १४० मेगावॉटचे. ते १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन संच आले. जुने दोन संच पुढे निवृत्त झाले. वीज केंद्रांची संख्या जशी वाढली, तशी त्यांची कामेही वाटली गेली. कोळशाचा संच थंड स्थितीतून सुरू करायला कित्येक तास लागतात. बाष्पक आणि टर्बाइन हळूहळू तापवावे लागते, नाहीतर धातू असमान प्रसरण पावून वाकतो. कोयनेचा संच मात्र काही मिनिटांत पूर्ण भार घेऊ शकतो. म्हणून एकलहऱ्यासारख्या केंद्रांनी दिवसभराचा पाया सांभाळायचा आणि संध्याकाळी घरोघर दिवे लागले की कोयनेने धावून यायचे, अशी विभागणी झाली.

कोणी किती धावायचे हे सांगणारे ठिकाण म्हणजे भारप्रेषण केंद्र. महाराष्ट्राचे असे मुख्य केंद्र ठाण्याजवळ कळवा येथे आहे, विदर्भासाठी नागपूरच्या अंबाझरीला एक उपकेंद्र आहे. पश्चिम विभागातल्या सर्व राज्यांचा मेळ मुंबईच्या विभागीय केंद्रातून घातला जातो. सुरुवातीच्या काळात हा सारा कारभार आवाजावर चालायचा. दर थोड्या वेळाने प्रत्येक केंद्राने फोनवर आकडे सांगायचे, आणि कळव्याने ते लिहून घ्यायचे.

हा फोन नेहमीचा नव्हता. वीज वाहून नेणाऱ्या तारांवरूनच, वीज चालू असताना, काही दहा ते काही शे किलोहर्ट्झ वारंवारतेचे संदेश पाठवण्याची युक्ती वापरली जात असे. एकाच तारेवरून ५० हर्ट्झची वीजही जाते आणि संभाषणही. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, कारण त्यांच्या वारंवारता फार वेगळ्या आहेत. मोठ्या उपकेंद्राच्या आवारात तारेला लटकवलेले पिंपासारखे वेटोळे कधी दिसले, तर मुलांना जरूर दाखवा. ते वेटोळे ५० हर्ट्झला सहज जाऊ देते, पण संदेशाच्या उच्च वारंवारतेला अडवते आणि टेलिफोनकडे वळवते. कॉइलचा रोध वारंवारतेबरोबर वाढतो, हा पाठ्यपुस्तकातला नियम तिथे उघड्यावर टांगलेला असतो.

ग्लेनच्या यानातला खोटा दिवा

याच काळात दुसरीकडे अवकाशयुग सुरू झाले होते. यान तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या वेगाने फिरत असताना टेलिफोन आणि वहीवर भागणारे नव्हते. अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमांसाठी गोडार्ड अवकाश केंद्रात आयबीएम ७०९० जातीचे दोन संगणक बसवले गेले. काम एकाचे होते, पण तो बिघडला तर दुसरा तयार हवा म्हणून दोन. जगभरच्या तळांवरून येणारे रडारचे आकडे घेऊन यान कुठे आहे आणि कुठे उतरेल, हे ते सतत सांगत राहत.

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरत असताना जमिनीवर एक संदेश आला. यानाचे उष्णतारोधक कवच सैल झाले आहे, असा त्याचा अर्थ होता. कवच खरेच सुटले असेल तर वातावरणात शिरताना यान जळणार. संदेश खोटा असेल तर काहीच करायची गरज नव्हती. मोहिमेचे संचालक ख्रिस्तोफर क्राफ्ट यांना तो खोटा असावा असे वाटत होते, कारण बाकीची लक्षणे त्याच्याशी जुळत नव्हती. पण पैज माणसाच्या जिवाची होती. शेवटी ठरले, की वेग कमी करणारी छोटी रॉकेटे ज्या पट्ट्यांनी कवचावर बांधलेली होती, ती टाकून न देता तशीच राहू द्यायची. कवच सैल असले तर पट्ट्या ते थोडा वेळ तरी धरून ठेवतील. ग्लेन सुखरूप उतरले. कवच पक्के होते. दोष होता तो संदेश पाठवणाऱ्या बटणात.

नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला यान कधीच दिसत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. आकडा आणि वस्तुस्थिती यांच्यात एक बटण, एक तार, एक प्रक्षेपक आणि एक ग्राहक असतो. यांतले काहीही बिघडू शकते.

भारतातही या विद्येची सुरुवात त्याच दशकात झाली. थुंबा येथील तळ उभा करण्यासाठी तरुण अभियंत्यांची एक तुकडी प्रशिक्षणासाठी अमेरिकेच्या नासा संस्थेत गेली. तिच्यात ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि आर. अरवमुदन यांच्याबरोबर प्रमोद काळेही होते. हेच काळे १९९४ मध्ये विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. थुंब्याहून पहिले रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाले.

हरवलेला लघुग्रह आणि विजेचे जाळे

९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या काही भागात सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. नायगाराजवळच्या एका वाहिनीवरील रिले ठरावीक भाराला वाहिनी तोडेल, असा फार पूर्वी बसवलेला होता. मधल्या काळात भार वाढत गेला, पण रिलेची मर्यादा तीच राहिली. त्याने आपले काम चोख केले आणि वाहिनी तोडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही तुटल्या, आणि काही मिनिटांत सारे जाळे कोसळले. पूर्ण जाळ्याची स्थिती एका नजरेत कोणालाच दिसत नव्हती, हे तेव्हा लक्षात आले. मग वीज कंपन्याही संगणकाकडे वळल्या.

पण जाळ्याची स्थिती पाहायची म्हणजे काय? शेकडो उपकेंद्रांतून हजारो मापे येणार. त्यांतली काही थोडी चुकीची, काही साफ खोटी, काही उशिरा आलेली. त्यांतून खरे चित्र कसे काढायचे? याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या खगोलशास्त्रात तयार होते.

१ जानेवारी १८०१ रोजी इटलीत पियात्सी यांना सेरेस हा लघुग्रह दिसला. सुमारे ४१ दिवसांनंतर तो सूर्याच्या तेजात हरवला. एवढ्या थोड्या निरीक्षणांवरून तो पुन्हा कुठे उगवेल हे सांगायचे होते. चोवीस वर्षांच्या गाउसने कक्षा मांडून दाखवली आणि वर्षअखेर सेरेस त्या सुमारास सापडला. निरीक्षणांतल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे उत्तर निवडायचे, ही लघुतम वर्गांची पद्धत लेजांद्र यांनी १८०५ मध्ये आणि गाउसने १८०९ मध्ये प्रसिद्ध केली.

१९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी या विचाराला हलत्या वस्तूंसाठी नवे रूप दिले. नासाच्या एम्स केंद्रातील स्टॅन्ली श्मिट यांच्या गटाने ते चंद्रयात्रेच्या मार्गनिर्देशनासाठी घडवले. दुसऱ्या बाजूला, एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत गोंगाटातून संकेत वेगळा काढण्याच्या प्रश्नांवर काम केलेले फ्रेड श्वेपे वीजजाळ्यांकडे वळले. १९७० मध्ये त्यांनी दाखवून दिले, की यानाची कक्षा काढण्यामागचा विचार विजेच्या जाळ्यालाही लावता येतो. याला ‘स्टेट एस्टिमेशन’ म्हणतात. आपण त्याला स्थिती-अनुमान म्हणू.

मूळ कल्पना आठवीतल्या मुलालाही समजेल. समजा, एका उपकेंद्रात एका वाहिनीने वीज येते आणि दोन वाहिन्यांनी जाते. तीन मापके सांगतात : आत १०० मेगावॉट, बाहेर ६२ आणि ४१. पण ६२ अधिक ४१ म्हणजे १०३. आलेल्यापेक्षा गेले जास्त, हे अशक्य. कोणते मापक चुकले ते माहीत नाही. तिन्ही सारखीच विश्वासार्ह असतील, तर लघुतम वर्गांची पद्धत तीन मेगावॉटची चूक तिघांत सारखी वाटते : आत १०१, बाहेर ६१ आणि ४०. आता ताळा जुळला. एकाही मापकाने न सांगितलेले हे आकडे बहुधा प्रत्येक मापकापेक्षा सत्याच्या जवळ असतात.

आता समजा, ४१ ऐवजी १४ आले. मग तफावत २४ ची. कोणीतरी साफ खोटे बोलत आहे, पण कोण, हे तीन मापकांवरून सांगता येणार नाही. त्या वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक मापक असेल आणि ते ४० दाखवत असेल, तर गुन्हेगार सापडतो. म्हणून जाळ्यात गरजेपेक्षा जास्त मापके बसवतात. ही उधळपट्टी नव्हे, साक्षीदार वाढवणे आहे. क्राफ्ट यांनी ग्लेनच्या वेळी मनातल्या मनात हेच केले होते. एक साक्षीदार म्हणतो कवच सैल, बाकीचे म्हणतात सगळे ठीक.

श्रीहरिकोट्यातला इशारा

खोट्या इशाऱ्याची गोष्ट आपण पाहिली. आता खऱ्या इशाऱ्याची. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे भारताचे पहिले उपग्रह प्रक्षेपक उडणार होते. प्रकल्प संचालक होते कलाम. पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांनी घन इंधनाच्या संशोधनाचे नेतृत्व केले होते.

उलटगणतीच्या अखेरच्या टप्प्यात तपासणी करणाऱ्या संगणकाने काम थांबवले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती असल्याचे तो दाखवत होता. तज्ज्ञांनी हिशेब केला : गळती थोडी आहे, नियंत्रणासाठी लागणारे नायट्रिक आम्ल पुरेसे आहे. कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला. ही हकिकत पुढे त्यांनी स्वतःच अनेक भाषणांत सांगितली. पहिला टप्पा उत्तम चालला, दुसऱ्यात यान भरकटले आणि सुमारे पाच मिनिटांनी बंगालच्या उपसागरात कोसळले. नियंत्रणाचे आम्ल गळून गेले होते. पत्रकारांसमोर अपयशाची जबाबदारी इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी आपल्या शिरावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी पुढच्या उड्डाणात ३५ किलोग्रॅमचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा पत्रकारांसमोर जायला त्यांनी कलामांना पुढे केले.

मग यंत्राचे नेहमीच ऐकावे का? ग्लेनच्या वेळी यंत्र खोटे होते, एसएलव्हीच्या वेळी खरे. दोन्ही वेळा माणसांनी प्रामाणिकपणे विचार केला होता. फरक असा, की ह्यूस्टन असो वा श्रीहरिकोटा, नंतरच्या काळात कोणत्या इशाऱ्याला काय करायचे, हे निवांतपणी, आधीच लिहून ठेवण्यावर भर वाढत गेला. घाईच्या वेळी करायचा विचार हा घाई नसताना केलेला असावा, ही या विद्येची सर्वांत मोठी शिकवण आहे.

बीना ते ग्वाल्हेर

तिसरा प्रकार सर्वांत अवघड : माप खरे, पण त्याचा अर्थ चुकीचा. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर २ वाजून ३३ मिनिटांनी मध्य प्रदेशातील बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली. तिथे शॉर्ट सर्किट झालेले नव्हते. मग रिलेने ती का तोडली?

अशा वाहिनीवरचा रिले व्होल्टेजला प्रवाहाने भागत असतो. ओहमच्या नियमाने मिळणारा हा भागाकार अचानक लहान झाला, तर तारा कुठेतरी चिकटल्या आहेत असे तो समजतो. पण प्रवाह फार वाढला आणि व्होल्टेज उतरले, तरी भागाकार लहान होतोच. त्या रात्री नेमके तेच घडले. उत्तरेकडची राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. पश्चिम विभागातली राज्ये ठरल्यापेक्षा कमी वीज घेत होती, म्हणजे आपली जादा वीज जाळ्यात ढकलत होती. जोडीची दुसरी वाहिनी सुधारणेच्या कामासाठी बंद होती. सारा ओघ एका वाहिनीवर आला आणि रिलेने प्रचंड भाराला दोष समजून ती तोडली. उत्तर विभाग कोसळला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, तीच वाहिनी पुन्हा तुटली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग कोसळले. साठ कोटींहून अधिक लोक राहतात त्या प्रदेशातली वीज गेली. पश्चिम विभाग तगला, पण एकदम भार सुटल्याने आपल्याकडची वारंवारता ५१ च्या वर उसळली.

चौकशी समितीने जे सांगितले ते शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावे असे आहे. धोका विभागीय केंद्रांना दिसत होता. जास्त ओढू नका, जादा निर्मिती कमी करा, अशा सूचना राज्यांच्या केंद्रांना दिल्या गेल्या होत्या. त्यांचे पुरेसे पालन झाले नाही. मापके होती, संगणक होते, सूचनाही होत्या. कमी पडली ती शिस्त. आणि याला आपल्या बाजूची राज्येही अपवाद नव्हती.

याच्या उलट प्रकार १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत झाला होता. ओहायोतल्या वीज कंपनीच्या संगणकातील धोक्याची घंटा देणारा कार्यक्रम मूकपणे बंद पडला. विभागीय केंद्रात स्थिती-अनुमानाचा कार्यक्रम दुरुस्तीसाठी थांबवला होता. तो आपोआप चालू राहण्याची सोय पुन्हा सुरू करायला कर्मचारी विसरला. पडद्यावर सगळे शांत दिसत होते. सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. घंटा वाजत नाही, याचा अर्थ ‘सारे ठीक आहे’ असाही होतो आणि ‘घंटाच बिघडली आहे’ असाही.

पैशाचा काटा, सोलापूरचा दुवा

नव्वदच्या दशकापर्यंत आपल्याकडे काटा पन्नासवर क्वचितच असायचा. संध्याकाळी तो ४९ च्या खाली जाई, रात्री मागणी घटली की ५१ च्या वर. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात, देशात सर्वप्रथम, एक नवी दरपद्धत आली. ठरल्यापेक्षा जास्त वीज घेतली, तर तिचा दर त्या क्षणाच्या वारंवारतेवरून ठरू लागला. काटा जितका खाली, तितकी वीज महाग. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून हिशेब होऊ लागला. जे काम सूचनांनी होत नव्हते, ते बिलाने बरेचसे केले.

जाळेही वाढत गेले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण विभाग उर्वरित देशाशी एका तालात फिरू लागला. देशाचे एक जाळे पूर्ण करणारा सांधा आपल्या सोलापूरला बसला. आज वारंवारतेची मान्य मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ इतकी अरुंद आहे.

म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा आणि पडघे यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर अडचण आली आणि मुंबईत लोकल गाड्या थांबल्या. अशा वेळी मुंबई स्वतःची वीज घेऊन बेटासारखी वेगळी होऊन तग धरेल, अशी योजना होती. त्या दिवशी बेट टिकले नाही.

पुढचा प्रश्न आणखी वेगळा आहे. सूर्यघटात काहीच फिरत नाही. जसजसा सौर विजेचा वाटा वाढेल, तसतसा फिरणाऱ्या यंत्रांत साठलेल्या ऊर्जेचा वाटा घटेल. सुरुवातीला आपण चार सेकंदांचा साठा धरला होता. तो दोन सेकंदांवर आला, तर काटा दुप्पट वेगाने घसरेल. हिशेब मुलांनाच करू द्या. निर्णयाला मिळणारी वेळ निम्मी होईल.

वर्गात काय करता येईल?

नाशिकच्या सातपूर-अंबड भागात ब्रेकर आणि स्विचगिअर बनवणारे कारखाने आहेत, आणि हाकेच्या अंतरावर एकलहरे आहे. जवळ कारखाना किंवा उपकेंद्र नसलेल्या शाळेतही एक खेळ मात्र सहज घेता येईल. एका मुलाला खोलीबाहेर बसवा. तो नियंत्रक. आत तीन मुलांनी पाण्याने भरलेल्या एका भांड्यातून दोन भांड्यांत पाणी मोजून ओतावे आणि आकडे चिठ्ठीवर लिहून बाहेर पाठवावेत. एकाला गुपचूप सांगून ठेवा, की त्याने मधूनच खोटा आकडा लिहावा. नियंत्रकाने दर अर्ध्या मिनिटात सांगायचे : कोणता आकडा खोटा? अर्ध्या मिनिटानंतरचे उत्तर धरायचे नाही.

सुरुवातीला तो नियंत्रक हमखास चुकतो. मग मुले आपणहून सुचवतात, की आणखी एक जण मोजायला ठेवावा, म्हणजे खोटे बोलणारा पकडता येईल. त्या क्षणी त्यांनी श्वेपे यांचा विचार स्वतः शोधलेला असतो. त्यानंतर त्यांना एकलहऱ्याच्या नियंत्रण कक्षात न्या. शांत बसलेली ती चार-पाच माणसे काय बघत आहेत, हे त्यांना सांगावे लागणार नाही.